कमी भाव दाखवा!

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आमच्या शहरातल्या विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानांवर अलीकडे एक पाटी हमखास दिसते. ‘यापेक्षा कमी भाव दाखवा, तोच भाव घ्या!’ पाटी लाल-पिवळी असते, शेवटी ठसठशीत उद्गारचिन्ह असते आणि अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘अटी लागू’ असे लिहिलेले असते. नवी पेठेतून जाता-येता ही पाटी मी निदान शंभरदा वाचली असेल. अर्थशास्त्र हा माझा विषय असल्यामुळे असेल कदाचित, पण दरवेळी मला एकच प्रश्न पडतो. त्या कमी भावात वस्तू देणे दुकानदाराला परवडत असेल, तर तो भाव त्याने स्वतःच का लिहू नये? आणि परवडत नसेल, तर मी कागद दाखवताच ते एकाएकी कसे परवडू लागते?

प्रश्न बाळबोध आहे हे मला मान्य आहे. पण त्याचे उत्तर शोधू गेले तेव्हा माझ्या ध्यानात आले की या पाटीमागे एकाच वस्तूचे दोन भाव उभे आहेत. एक भाव ज्याला माहीत आहे त्याचा आणि दुसरा ज्याला माहीत नाही त्याचा. पाटी ही त्या दोघांना वेगळे करणारी चाळणी आहे. ज्याच्याकडे चांगला फोन आहे, फोनमध्ये इंग्रजी वाचण्याची सवय आहे, खिशात बँकेचे कार्ड आहे आणि काउंटरवर अर्धा तास वाद घालण्याची हिंमत आहे, तो चाळणीतून खाली उतरतो. बाकीचे वर राहतात आणि पुरा भाव भरतात. हे वर राहणारे लोक कोण, याचा विचार आपण महाविद्यालयात बसून फारसा करत नाही.

कुणी म्हणेल, घासाघीस काय आपल्याकडे आज आली आहे? मंडईत तर रोज होते! होते ना. माझी आई मंडईत वांग्याचा भाव पाडण्यात इतकी तरबेज आहे की भाजीवाल्या बायका तिला लांबून येताना पाहून आपसात हसतात. पण तिथे वांगे दोघींच्याही समोर असते. किडके कोणते हे दोघींनाही कळते, पलीकडच्या टोपलीचा भाव दोघींनाही ऐकू येतो आणि सौदा तुटला तर चार पावलांवर दुसरी भाजीवाली बसलेली असते. ज्ञान दोन्ही बाजूंना सारखे, म्हणून ती घासाघीस हसतखेळत होते. फ्रिजच्या दुकानात ज्ञान एकाच बाजूला असते. आईला कॉम्प्रेसर दिसत नाही, पलीकडच्या दुकानाचा भाव ऐकू येत नाही आणि जो भाव दाखवायचा तो एका काचेच्या पडद्यामागे, तिला न वाचता येणाऱ्या लिपीत असतो. तिथे तिची मंडईतली सगळी विद्या फुकट जाते.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आम्ही विडी घरकुलात राहतो. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना सांगणे नलगे. पत्र्याखाली सकाळचे वरण दुपारी आंबते. आईने पंधरा महिने भिशी भरली आणि २०२५ च्या दिवाळीत आम्ही एका दाराचा, १९० लिटरचा फ्रिज घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो. (दुकानाचे नाव मी लिहीत नाही. एकाचे लिहिले तर बाकीचे उगाच सोवळे ठरतील.) विक्रेत्या तरुणाचा पहिला प्रश्न होता, “मावशी, बजेट किती आहे?” आईच्या लेखी बजेट म्हणजे फेब्रुवारीत टीव्हीवर अर्थमंत्री वाचून दाखवतात ते. दुसरा प्रश्न मला होता, “घरचं मोठं कुणी आलंय का?” आई माझ्या शेजारीच उभी होती.

फ्रिजवर चिठ्ठी होती १६,४९० रुपयांची. माझ्या फोनवर तोच फ्रिज, तीच कंपनी, तोच रंग, १४,२९० रुपयांना होता. पाटीवरच्या वचनाला जागून मी तो भाव दाखवला. मग अटींची मिरवणूक सुरू झाली. मॉडेलच्या क्रमांकातले शेवटचे अक्षर वेगळे आहे. त्या संकेतस्थळावरचा विक्रेता ‘अधिकृत’ असल्याचे दिसत नाही. हा भाव बँकेच्या सवलतीसह आहे, मूळ भाव दाखवा. मूळ भावही कमीच आहे असे दाखवल्यावर, मॅनेजरची मंजुरी लागते. मॅनेजर जेवायला गेले आहेत. मॅनेजर तासाभराने आले आणि म्हणाले, सणाच्या दिवसांत ही योजना बंद असते. पाटी मात्र सणाच्या दिव्यांच्या माळेने सजवून दारावर टांगलेली होती.

आम्ही तिथे बसलो असताना एक सद्गृहस्थ आले. पेहरावावरून प्राध्यापक किंवा बँकेतले अधिकारी असावेत. त्यांनी तोच फ्रिज पाहिला, मॅनेजरशी इंग्रजीत चार वाक्ये बोलले, कार्ड काढले आणि पंधरा मिनिटांत १४,८०० रुपयांचे बिल घेऊन गेले. भाव मी त्यांनाच विचारला. त्यांनी सज्जनपणे सांगितला. आम्हाला शेवटी “मावशींसाठी म्हणून” वरचे ४९० रुपये सोडून १६,००० ला फ्रिज मिळाला, रोख. म्हणजे एकाच दुपारी, एकाच छपराखाली, एकाच वस्तूच्या भावात १,२०० रुपयांचे अंतर! १,२०० रुपये म्हणजे आईच्या आठवडाभराच्या विड्या. पान भिजवणे, कापणे, वळणे, दोरा बांधणे, सगळे धरून. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “त्येला कमी का? त्येच्यापाशी जास्त हाईत म्हणून व्हय?”

आमच्या पाठ्यपुस्तकात याला मूल्यभेद म्हटले आहे. त्याच्या व्याख्येपेक्षा आईचा प्रश्न मला अधिक अचूक वाटतो. पुस्तकातल्या मूल्यभेदाच्या उदाहरणांत श्रीमंताला जास्त आणि गरिबाला कमी भाव असतो. डॉक्टर गरिबाकडून कमी फी घेतो, विद्यार्थ्याला एस.टी.चा पास सवलतीत मिळतो. इथे ते उदाहरण डोक्यावर उभे केलेले आहे.

आता जरा त्या चिठ्ठीकडे वळू. फ्रिजच्या खोक्यावर ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह’ छापलेली असते, ती आणखीनच मोठी. आमच्या खोक्यावर ती २३ हजारांच्या वर होती. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ती छापणे बंधनकारक आहे आणि तिच्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. नियम चांगला आहे. पण तो कमाल मर्यादा सांगतो. ती मर्यादा कंपनीने किती उंच बांधावी यावर फ्रिज-टीव्हीच्या बाबतीत बंधन नाही. तेव्हा छत मुद्दाम उंच बांधायचे आणि मग ‘छतापासून ३० टक्के खाली’ असे ओरडून सांगायचे, हा खेळ कायदा न मोडता खेळता येतो. ग्राहकाला वाटते सात हजार वाचले. मुळात त्या भावात तो फ्रिज कधी कुणी घेतलाच नव्हता.

याच दिवाळीतला आणखी एक मासला सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही यांच्यावरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानभर ‘कर कमी, भाव कमी’चे फलक लागले, ते योग्यच. पण तसाच एक फलक फ्रिजच्या रांगेवरही लटकत होता. फ्रिजवरचा कर २०१८ च्या जुलैमध्येच १८ टक्के झाला होता. त्यात या वेळी काहीही बदल झाला नव्हता. मी विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, “ताई, फलक वरून येतात.”

वरून, म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नव्हते.

त्या शेवटच्या अक्षराची गोष्ट तर स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. कंपन्या एकच यंत्र वेगवेगळ्या विक्रेत्यांसाठी किंचित वेगळ्या क्रमांकाने काढतात. कधी दारावरचे फूल वेगळे, कधी हँडलचा रंग वेगळा, कधी तेवढाही फरक नाही. आतला कॉम्प्रेसर तोच, लिटर तेच, वीज वाचवण्याचे तारे तेवढेच. त्यामुळे ‘तंतोतंत तेच मॉडेल’ कमी भावात दाखवा ही अट घातली की वचन द्यायला दुकानदार मोकळा आणि पाळायला न लागण्याची सोयही झाली. जे दुसरीकडे मिळतच नाही त्याचा दुसरीकडचा भाव दाखवणार कसा? लग्नाच्या बैठकीत ‘हुंडा नको’ म्हणून सांगायचे आणि मग ‘तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या’ असे पुस्ती जोडून म्हणायचे, त्यातला हा प्रकार.

कार्डाचेही तसेच. एके काळी रोख पैसे मोजणाऱ्याला दुकानदार दोन रुपये सोडत असे, उधारीवाल्याला सोडत नसे. आज रोखीला काही मान उरलेला नाही. सवलत क्रेडिट कार्डाला आणि ‘बिनव्याजी हप्त्या’ला. यातला ‘बिनव्याजी’ हा शब्द नीट तपासून घ्यावा. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलेले असते, असे सांगून रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बँकांच्या अशा योजनांवर बंदी घातली होती. आता तीच गोष्ट वेगळ्या वेशात येते. सावकार व्याज घेतोच. कंपनी किंवा विक्रेता व्याजाएवढी सूट भावात देतो, म्हणून हप्त्यांची बेरीज चिठ्ठीवरच्या भावाएवढी दिसते. मग साधा हिशेब असा की, हप्त्यावर घेणाऱ्याला जेवढी सूट दिली तेवढी सूट रोखीने घेणाऱ्यालाही मिळायला हवी, कारण त्याने तर कुणाला व्याजाचा बोजाच पडू दिला नाही. ती मिळत नाही. भिशीच्या नोटा मोजून देणारी बाई कार्डवाल्याच्या व्याजाला हातभार लावून घरी जाते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या सरांनी वर्गात एक गोष्ट सांगितली होती, तिने माझे डोळे उघडले. स्टीव्हन सॅलॉप नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली असे मांडले की ‘कमी भाव दाखवा, आम्ही तोच देऊ’ हे वचन वरवर ग्राहकाच्या बाजूचे दिसले तरी त्यामुळे बाजारातले भाव चढेही राहू शकतात. समजा, एका रस्त्यावर दोनच दुकाने आहेत. एकाने भाव उतरवला तर दुसऱ्याची गिऱ्हाइके त्याच्याकडे वळतील, या आशेने तो उतरवतो. पण दुसऱ्याने ‘तोच भाव देऊ’ची पाटी लावली की पहिल्याची आशा संपली, गिऱ्हाईक हललेच नाही तर नफा कमी करून त्याने मिळवायचे काय? मग तोही उतरवत नाही. शिवाय दुसऱ्याला हेर ठेवावे लागत नाहीत. पहिल्याने भाव पाडला की गिऱ्हाईकच धावत येऊन बातमी देते, आणि तीही फुकट! पाटीवरचे उद्गारचिन्ह शेजारच्या दुकानदारासाठी असते हे मला त्या दिवशी कळले. आमच्या शहरात अगदी असेच घडते असा माझा दावा नाही. दुकाने दोनच नाहीत आणि फोनवरचा बाजार मध्ये आला आहे. पण पाटी म्हणजे ग्राहकसेवा, ही समजूत सोडून द्यायला एवढे पुरे.

एक विनोद लक्षात आला म्हणून लिहिते. मजुरीच्या बाबतीत ही पाटी कुणालाच सुचत नाही. ‘यापेक्षा जास्त मजुरी कुठे मिळते ते दाखवा, तीच देऊ’ अशी पाटी लावलेला विड्यांचा कारखाना मी आजवर पाहिलेला नाही.

दुकानदाराची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. त्याला जागेचे भाडे आहे, दिव्यांचे बिल आहे, माल अडकून पडतो. लोक त्याच्याकडे येऊन दारे उघडून पाहतात, चार फ्रिजांची माहिती विचारून घेतात आणि घरी जाऊन फोनवरून मागवतात. त्याच्या कष्टाची ही उघड फसवणूक आहे आणि ती करणाऱ्यांत आपण महाविद्यालयीन मंडळी पुढे आहोत. परदेशी भांडवल असलेल्या, फक्त बाजारपेठ म्हणून चालणाऱ्या संकेतस्थळांनी विक्रीच्या भावावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दाब आणू नये, असे केंद्र सरकारने २०१६ साली पत्रक काढून सांगितले आणि २०१८ च्या डिसेंबरात नियम आणखी आवळले. तरीही लहान व्यापाऱ्यांची ओरड थांबलेली नाही, आणि ती सगळीच खोटी नसावी. हे सगळे मला पटते. दुकानात वस्तू दोन हजारांनी महाग असायला माझी हरकत नाही. डोळ्यांनी पाहून घेण्याची, आज पैसे देऊन आज घरी नेण्याची किंमत आई आनंदाने देईल. माझी हरकत एवढीच की ती किंमत सगळ्यांना एक असावी. ज्याला परवडते त्यानेच ती चुकवावी आणि जिला परवडत नाही तिने भरावी, हे कसले व्यापारशास्त्र?

(याच अंकाच्या अखेरच्या पानांवर शहरातल्या दुकानांच्या जाहिराती असतील. संपादक मंडळाने तरीही हा लेख छापला तर त्यांचे आधीच आभार मानते.)

राग कुणावर काढायचा हाही प्रश्न आहे. आपण तो बहुधा समोरच्या विक्रेत्यावर काढतो. माझा मावसभाऊ अशाच एका दुकानात दोन वर्षे होता. त्याच्याकडून कळले की रांगेत उभे असलेल्या मुलांपैकी अर्धे दुकानाचे नोकर नसतातच. त्यांना फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांनी नेमलेले असते. म्हणून ‘यातला चांगला कोणता?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता कमी. जो कंपनीचा सदरा अंगात आहे तो फ्रिज चांगला! महिन्याचे लक्ष्य असते, ते गाठले तर वर काही मिळते. जादा वर्षांची हमी विकली तर आणखी काही. म्हणून तो मुलगा आपल्याला फ्रिजपेक्षा हमीचे महत्त्व अधिक पटवून देतो. एक रुपयाही कमी करण्याचा अधिकार त्याला नसतो. ‘मॅनेजरला विचारतो’ म्हणून तो जातो तेव्हा कित्येकदा खांबाआड पाणी पिऊन परत येतो. दहा-दहा तास उभे राहायचे, बसलेले दिसले तर बोलणी. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसायला जागा देण्याची तरतूद कायद्यात केली, हे वाचून मावसभाऊ म्हणाला, “म्हणजे बसायला पण कायदा लागतो.” अशा मुलाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा करताना आपणही थोडे लाजावे. त्याचे वय आपलेच आहे. त्यातले काही आपल्याच महाविद्यालयातून दुसऱ्या वर्षाला गळालेले आहेत.

विक्रीनंतरच्या सेवेची कथा थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांच्या घरची आहे. फेब्रुवारीत फ्रिज गार होईनासा झाला. दुकान म्हणाले, आमचे काम विकायचे, दुरुस्ती कंपनीची. कंपनीच्या फोनवर यंत्राचा आवाज म्हणाला, मराठीसाठी अमुक आकडा दाबा. दाबला, तर हिंदी आली. तंत्रज्ञ चौथ्या दिवशी आला, पाहून गेला, ‘पार्ट मागवतो’ म्हणाला आणि जाता जाता वडिलांच्या फोनवर आलेले चार आकडे विचारून घेतले. संध्याकाळी निरोप आला: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. ते चार आकडे म्हणजे ग्राहक समाधानी असल्याची खूण असते, हे वडिलांना कुणी सांगितले नव्हते. फ्रिज अजून गरमच! शेवटी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांकावर तक्रार नोंदवली, बिलाचे छायाचित्र जोडले, आणि नऊ दिवसांनी नवा भाग बसला. एकूण २३ दिवस. तेवढे दिवस फ्रिजचा उपयोग आम्ही कपाट म्हणून केला.

कायदा आपल्या बाजूला नाही असे नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा गेला, त्याच्या जागी २०१९ चा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू सर्वसाधारणपणे कोणत्या भावाला विकली जाते याविषयी लोकांची दिशाभूल करणे, बिल न देणे, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे, या सगळ्याला त्यात अनुचित व्यापार प्रथा म्हटले आहे. आमच्या बिलाच्या पाठीवर मात्र ‘विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; मुदत दोन वर्षांची. पण १,२०० रुपयांसाठी आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? एक दिवस गेला तर हजार विड्या गेल्या. आणि आयोगापुढे आई म्हणणार काय? दुसऱ्याला स्वस्त दिला हा गुन्हा होत नाही. पाटी लावून अटींच्या आड लपणे ही दिशाभूल आहे असे मला वाटते, पण ते सिद्ध करायला एका बाईचे एक बिल पुरत नाही. शंभर बिले लागतील.

या शंभर बिलांवर मी बराच विचार केला आहे. आपल्या महाराष्ट्राने एकट्या ग्राहकाची दुर्बलता फार आधी ओळखली होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिने कुटुंबांचे गट करून घरचा महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्याची पद्धत पाडली. ग्राहक एकेकटा असतो तोवर त्याला भाव ‘दाखवावा’ लागतो. गट झाला की भाव ठरवता येतो. फ्रिज काही दर महिन्याला घ्यायची वस्तू नाही, तेव्हा तीच पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण माहितीचा गट करता येईल आणि त्याला भांडवल लागत नाही.

माझी सूचना अशी. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दर शनिवारी दुपारी आपल्या वाचनालयात दोन विद्यार्थ्यांनी फोन घेऊन बसावे. वस्तीतल्या, घरकुलातल्या, यंत्रमागावरच्या कुणालाही पाच हजारांच्या वरची वस्तू घ्यायची असेल तर त्यांनी येऊन विचारावे. आपण त्यांना मॉडेलचा पूर्ण क्रमांक, त्या दिवशीचा सर्वांत कमी भाव, त्यातली कार्डाची सवलत किती आणि सर्वांची किती, हे मराठीत कागदावर लिहून द्यावे. खरेदी झाल्यावर त्यांनी बिल आणून दाखवावे आणि ते आपण वहीत उतरवून घ्यावे. शहरातल्या दुकानांच्या दारावरच्या पाट्या किती जणांसाठी खऱ्या ठरल्या, हे एका दिवाळीत कळेल. आमच्या विभागाच्या सरांनी ही पाहणी प्रकल्प म्हणून धरायचे कबूल केले आहे. काही मैत्रिणी म्हणतात, दुकानदार आपल्याला हाकलून देतील. आपण दुकानात जायचेच नाही. बिल तर ग्राहकाचे आहे, ते दाखवायला त्याला कोण अडवणार?

वहीचे रकाने मी आखून ठेवले आहेत: तारीख, वस्तू, मॉडेलचा क्रमांक, चिठ्ठीवरचा भाव, दाखवलेला भाव, दिलेला भाव, पैसे रोख की कार्डाने, आणि नकार दिला असेल तर कारण. कारणाचा रकाना जरा रुंद ठेवला आहे. प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. शनिवारी वाचनालय दोनला बंद होते, ते चारपर्यंत उघडे ठेवावे लागेल, एवढी एकच अडचण ग्रंथपालांनी सांगितली. शिपाईमामांचा होकार मिळाला तर तीही राहणार नाही. ज्यांना शनिवारी बसता येईल त्यांनी आपली नावे अर्थशास्त्र विभागात द्यावीत.